झाकणाचा आवाज

शुक्रवारी आमच्या डिशवॉशरने भांडी ओशटच बाहेर काढली. गरम होती, ओली होती, पण बशीवर बोट फिरवलं की बोटाला तेल लागत होतं. या मशीनच्या दाराला आतल्या बाजूने पावडरचा एक छोटा कप्पा असतो आणि त्याला झाकण असतं. धुणं सुरू झालं की थोड्या वेळाने ते झाकण आपोआप उघडतं आणि पावडर पाण्यात पडते. ते उघडलंच नव्हतं. बटण दाबून मी उघडलं, तर आत पावडरचा गोळा जसाच्या तसा बसलेला. तो चमच्याने खरवडून काढला, भांडी हाताने घासली आणि मनात म्हटलं, आता हे घरी आले की घराचं वर्कशॉप होणार.

हे म्हणजे माझे यजमान. एकोणतीस वर्षं एकाच कंपनीत आहेत; लोकांच्या घरी जाऊन कपड्यांची आणि भांड्यांची मशीनं दुरुस्त करतात. लोक यांना डॉक्टर म्हणतात. कारण हे स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात आणि सांगतात की अमुक बेअरिंग गेलंय. मग मशीन उघडलं की तेच बेअरिंग गेलेलं असतं. या कौतुकापायी कंपनीच्या मॅनेजरांनी यांना शिकवायला बोलावलं होतं. नवीन चौदा माणसं घेतली होती, त्यांना आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा ते सांगायचं, सोमवारी सकाळी दहा वाजता. तो वर्ग चांगला झाला तर निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं शिकवण्याचंच काम मिळणार होतं. जिने चढणं बंद, मशीन कलतं करून त्याच्याखाली शिरणं बंद. यांचे गुडघे दोन वर्षांपासून त्या दिवसाची वाट बघत होते.

आणि यांना ऐकू येत नव्हतं.

सगळंच येत नव्हतं असं नाही. खाली ट्रक थांबला, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली, तर कळायचं. बारीक आवाज मात्र गेले होते. ओव्हनची पीं पीं, घड्याळाचा गजर, फोनवर हळू बोलणारी माणसं. गेले आठ महिने मी हे बघत होते आणि झाकत होते. दारावरची बेल बदलून ढणढण वाजणारी आणली आणि जुनी बिघडली होती म्हणून सांगितलं. गजराच्या आधी मीच यांना हलवून उठवायची. घरचा फोन मी धावत जाऊन उचलायची आणि काय बोलणं झालं ते यांना मोठ्याने सांगायची. ज्या माणसाची सगळी अब्रू कानात आहे, त्याला कान गेले असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मला नाही जमलं. खरं म्हणजे मी घाबरले होते.

आमच्या लेकीला मात्र एका भेटीतच कळलं होतं. शनिवारी सकाळीच तिचा फोन आला.

"आई, सोमवारच्या आत तू सांगतेस की मी सांगू?"

"तू मध्ये पडू नकोस. बघते मी."

"आठ महिने बघतेच आहेस. तिकडे चौदा लोकांसमोर बाबांची फजिती झाली तर?"

मी फोन ठेवला. लेक माझीच, त्यामुळे बोलायला फटकळ. पण तिचं खरं होतं, आणि म्हणूनच मला तिचा राग आला.

इकडे यांनी चहाचा कप अर्धाच टाकून स्वयंपाकघरात बैठक मारली होती. खालची जाळी काढून ओट्यावर, दाराचे स्क्रू वाटीत, मांडीखाली माझी चांगली उशी. यांनी कप्प्याचं झाकण खटकन बंद केलं, मशीनचं दार लावलं आणि दोन बटणं एकदम दाबून टेस्ट लावली. टेस्टमध्ये अख्खा तास थांबावं लागत नाही. पाणी येतं, पंप फिरतो आणि तिसऱ्या मिनिटाला झाकण सुटायला हवं. दार बंद असल्यामुळे आतलं काही दिसत नाही. कॉइल झाकणाची कडी ओढते, त्याचा टक् असा आवाज तेवढा येतो.

यांनी स्क्रूड्रायव्हर दाराला टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मी ओट्याशी उभी होते. पाणी आलं, पंप घुमायला लागला. आणि मग आवाज आला. टक्. अगदी स्पष्ट, जवळच कुणी सुपारी फोडल्यासारखा.

हे डोळे मिटूनच बसले होते. अजून एक मिनिट गेलं. मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आवाज आला का गं?"

हा प्रश्न नव्हेच, असं मला वाटलं. आवाज आलाच नाही, ही स्वतःची खात्री हे बोलून दाखवतायत आणि मी फक्त मान हलवायची आहे. लग्नाला चौतीस वर्षं झाली, मशीनच्या बाबतीत मी यांना कधी उलट बोललेली नाही.

"नाही," मी म्हटलं.

"बघ. कॉइल मेलीय."

दार उघडलं तर झाकण बंदच होतं. यांनी अंगठ्याने बटण दाबून ते उघडलं आणि लगेच दाराचा आतला पत्रा सोडवायला घेतला. मी मात्र तिथेच खिळले. कडी सुटली होती, मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. म्हणजे कॉइल चांगली होती आणि झाकण दुसऱ्याच कशाने तरी अडलं होतं. एकोणतीस वर्षं जिच्या घरात जेवणाच्या टेबलावर मशीनच्या गप्पा झाल्या, त्या बाईला एवढं कळतं.

आता बोलावं, असं मी तीनदा ठरवलं. एकदा चहा पुन्हा गरम करून दिला तेव्हा. एकदा हे मीटर लावून बसले तेव्हा. मीटर कॉइल चांगली दाखवत होता, तर हे त्या मीटरवरच डाफरले. "याचा सेल उतरलाय." तिसऱ्या वेळी मी "अहो" एवढं म्हणालेही. त्यांनी मान वर केली नाही, आणि त्यांना ऐकू न आल्याचा फायदा मला घेता आला. लाज वाटते सांगायला, पण घेतला.

दुपारपर्यंत मी कपाटातले डबे दोनदा लावले. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. बाहेर जाऊन वाळत घातलेले कपडे चाचपून आले, ते ओलेच होते, पाच मिनिटांनी परत जाऊन आले. एका जागी बूड टेकत नव्हतं.

यांनी बॅगेतून नवी कॉइल काढून बसवली. टेस्ट. पाणी, पंप, टक्.

"आवाज आला?"

"नाही."

एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा जीभ आपणहून वळते. दार उघडलं, झाकण बंद. हे बराच वेळ त्या झाकणाकडे बघत बसले. त्यांचा चेहरा उतरला होता आणि मला वाटलं, आता कळलं. पण ते उठले, गुडघा धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मग कॉइलला हुकूम देणारा बोर्ड गेला असणार. सोमवारी हेच उदाहरण देतो. कॉइल नवी, आवाज नाही, तर पुढे कुठे बघायचं. असं घरबसल्या उदाहरण मिळत नाही."

आता माझं खोटं चौदा लोकांपुढे फळ्यावर लिहिलं जाणार होतं. यांनी ते वहीत लिहूनही घेतलं, आकृती काढून, कॉइलला बाण दाखवून. मी शेजारी बसून वाटाणे सोलत होते, आणि टरफलं भांड्यात नि वाटाणे कचऱ्यात टाकत होते.

रविवारी सकाळी हे कंपनीच्या गोदामातून बोर्ड आणायला निघाले. गोदामाची एक किल्ली यांच्याकडे असते. "तासाभरात येतो," म्हणाले. दार लागलं आणि मी जिन्यावरची पावलं खाली जाईपर्यंत थांबले. मग मशीनसमोर उशीवर बसले.

चष्मा लावून झाकणाच्या बिजागरीत बघितलं. तिथे पावडरचा पांढरा थर दगडासारखा बसला होता. स्प्रिंगच्या वळ्यांतही तोच. कडी सुटत होती, पण तो थर झाकणाला धरून ठेवत होता. अंगठ्याने दाबलं की जोर लागतो, म्हणून उघडायचं. आणि हा थर आला कुठून, तेही लगेच कळलं. गरम भांडी काढली की पुढच्या वेळची पावडर मी लगेच भरून ठेवते. पुढचं काम आधी उरकून ठेवायची मला वाईट खोड आहे. कप्पा वाफेने ओला, त्यात पावडर तासन्‌तास पडून. बिघाड माझ्याच हातचा होता.

मी गरम पाणी घेतलं, जुना टूथब्रश घेतला आणि घासायला लागले. काय विचार केला होता, तेही सांगते. हे बोर्ड बसवतील, झाकण उघडेल, हे म्हणतील बोर्डच गेला होता. उदाहरण तयार, वर्ग होईल, यांना काही कळणार नाही आणि मला काही बोलावं लागणार नाही. सोमवारचं सोमवारी. वीस मिनिटांत थर निघाला. झाकण बंद करून बटणाला नुसता स्पर्श केला तर ते टुणकन उघडलं. मी ते पुसलं, ब्रश लपवला आणि हुश्श केलं. दोन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

हे आले ते घामाघूम, पण खुशीत. बोर्ड बसवायला अर्धा तास गेला. टेस्ट लावली. मी ओट्याशी, हे दाराशी. पाणी, पंप, टक्, आणि त्यामागून झाकण आपटल्याचा आवाज.

या वेळी यांनी मला काही विचारलं नाही. टेस्ट थांबवून दार उघडलं. झाकण सताड उघडं होतं.

"बोर्डच होता," मी म्हटलं. घाईच झाली जरा.

"हं." यांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि तसंच अर्ध्यावर थांबलं. "जुना लावून बघतो."

"कशाला? चाललंय ना आता?"

"नवा लावून दोष गेला एवढ्याने सिद्ध होत नाही. जुना परत लावायचा. दोष परत आला, तरच तो पार्ट खराब. हे मी सगळ्यांना सांगतो, मग घरी का नको?"

या माणसाच्या प्रामाणिकपणाचा मला चौतीस वर्षांत इतका संताप कधी आला नव्हता. मी जेवायला वाढते म्हटलं, पाहुणे यायचेत म्हटलं, कोण पाहुणे तेही सुचेना. हे शांतपणे स्क्रू काढत राहिले. जुना बोर्ड लागला. टेस्ट. दार उघडलं. झाकण सताड उघडं.

यांनी जुनी कॉइलही परत लावली. पुन्हा टेस्ट, पुन्हा तेच. आता सगळे जुने पार्ट आपापल्या जागी होते आणि मशीन ठणठणीत चालत होतं. हे पुढे वाकले आणि बिजागरीवरून बोट फिरवलं. बोटाला पाणी लागलं.

"हे कुणी घासलं?"

मी फडकं उचलून ओट्याकडे वळले.

"मी गोदामात गेलो तेव्हा?"

"हो."

"तुला कसं कळलं, इथे घासायचं ते?"

खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. "कडी सुटल्याचा आवाज येत होता," मी म्हटलं. "म्हणजे अडकतंय ते झाकणच, असं वाटलं."

"कधीपासून येत होता?"

"काल सकाळपासून. पहिल्या टेस्टपासून."

हे उशीवर तसेच बसले. मला वाटलं, आता खचतील. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवणार होते, समजूत घालणारी चार वाक्यंही तयार होती. पण त्यांनी वर बघितलं, आणि डोळ्यांत दुःख नव्हतं, राग होता.

"मी विचारलं होतं तुला. आवाज आला का म्हणून."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"कशाचं वाईट? मला माहीत नाही का माझ्या कानांचं? थंडीपासून बारीक आवाज येत नाहीत मला. ओव्हन झालाय हे तू उठलीस की कळतं. बेल तू का बदललीस तेही माहीत आहे. जुनी बेल उघडून बघितली होती मी, चांगली होती ती."

ती जुनी बेल मी कुठे ठेवली होती, ते मी आठवू लागले.

"अगं, येत नाही म्हणूनच विचारलं," हे म्हणाले. "गिऱ्हाइकांकडेही मी तेच करतो. मूठ कानाला लावायची आणि घरातल्या माणसाला विचारायचं, आवाज आला का? लोक खरं सांगतात. आला तर आला म्हणतात, नाही तर नाही म्हणतात. आठ महिने माझं एक काम चुकलेलं नाही. पहिलं चुकलं ते या घरात."

हे ऐकून मी जमिनीवरच बसले. आठ महिने मी समजत होते की मी यांना सांभाळतेय. यांनी माझ्याकडे कान मागितला होता, सरळ शब्दांत, दोनदा. आणि मी दोन्ही वेळा नाही म्हणून सांगितलं. मला रडू आलं. हे थोपटायला वगैरे आले नाहीत, आणि ते बरंच झालं.

"मग उद्या काय करणार होतात?" मी नाक पुसून विचारलं.

"विचारणारच होतो. चौदा जण आहेत. आवाज आला का, कुठून आला, कसा आला? शिकवणाऱ्याने विचारलं की शिकवल्यासारखंच दिसतं." क्षणभर त्यांना स्वतःच्याच हुशारीचं हसू आलं. मग ते गेलं. "पण तू माझी बायको असून संकोचाने नाही म्हणालीस. मीटरने मला खरं सांगितलं होतं, तर तुझ्या शब्दावर मी मीटर खोटा पाडला आणि चांगली कॉइल काढली. ती पोरं तर नवी आहेत. डॉक्टरांना आवाज आला नाही म्हणजे नसेलच आला, असं म्हणतील. चौदाच्या चौदा माना हलवतील. आणि मी चुकीचं शिकवून घरी येईन."

त्यांनी खिशातून फोन काढला.

"कुणाला लावताय?"

"मॅनेजरांना."

"आज रविवार आहे. मी बोलू का?" माझा हात आपोआप पुढे गेला होता.

"नको. मी बोलतो."

मी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला. फोन लागला. यांनी आवाज पूर्ण वाढवून ठेवलेला असतो, त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं. मॅनेजर कुठेतरी बाहेर होते, मागे मुलांचा गलका होता.

"साहेब, उद्याच्या वर्गाचं बोलायचं होतं," हे म्हणाले. "मला कमी ऐकू येतं. बारीक आवाज येतच नाहीत. मशीन माहीत आहे, कुठे काय बिघडतं सगळं माहीत आहे, ते मी शिकवीन. पण आवाज ओळखून दाखवायला शेजारी दुसरं कुणीतरी लागेल. आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

एवढं एका दमात, सपाट आवाजात. आठ महिन्यांत हे वाक्य मी मनातल्या मनात शंभर वेळा बोलले होते आणि एकदाही असं नीट जमलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला.

मग मॅनेजर बोलले, भराभर, घाईत असलेल्या माणसासारखे.

यांच्या कपाळाला आठी पडली. "काय? जरा मोठ्याने." मॅनेजर पुन्हा बोलले, तेवढ्याच घाईत. यांना नाही कळलं. त्यांनी फोन कानापासून दूर केला आणि माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणाले?"

मला पाच-सहा उत्तरं सुचली. बघू म्हणाले. विचार करून कळवतो म्हणाले. लाइन तुटत होती. यांतलं कुठलंही सांगितलं असतं तर निदान आजचा दिवस तरी बरा गेला असता, आणि यांना पत्ताही लागला नसता.

"'मग उद्याचं राहू दे,' म्हणाले," मी म्हटलं. "'तो कानाचाच वर्ग आहे. मी दुसरं कुणीतरी बघतो.'"

"आणि?"

"'तुम्ही नेहमीच्या कामावर या. तिथेही किती दिवस, ते बघावं लागेल.'"

हे बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी नजर हलवली नाही.

"बरोबर ऐकलंस?"

"बरोबर ऐकलं."

त्यांनी मान डोलावली आणि फोन पुन्हा कानाला लावला. "बरं, साहेब," ते म्हणाले. "कळलं मला."